पाटलाची मोटार आणि आमची पिकअप

बैलाशिवाय चालणाऱ्या गाड्या आमच्या गावात दोनच होत्या, आणि त्या दोन्ही मी चालवल्या आहेत. एक पाटलाची परदेशी मोटार आणि दुसरी माझ्या वडलांची पिकअप. गाव शिरपूर जैनपासून आत, एका नाल्याच्या पलीकडे. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. वाशिम म्हणजे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि तेसुद्धा आम्हाला पुष्कळ लांब वाटायचं. सत्तरीच्या दशकातली मधली वर्षं. मी नुकतीच गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते.

मोटार इंग्रजांच्या काळातली, पाटलाच्या वडलांनी मुंबईहून आणवलेली. काळीभोर, लांब नाकाची. नाकाच्या दोन्ही अंगांना परातीएवढे दिवे, दाराखाली पाय ठेवायला पायरी, आत तपकिरी चामड्याच्या गाद्या. मागच्या खिडक्यांना पडदे होते, पितळी दांडीवर सरकणारे. ही मोटार खड्ड्यातून गेली तरी आत बसलेल्याच्या कपातला चहा सांडत नाही, असं गावात म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी आत कोणीच बसलेलं नव्हतं.

माझे वडील त्या मोटारीबरोबर वाढले असं म्हटलं तरी चालेल, पण बाहेरून. ते लहान असताना मोटार पावसाळ्यात नाल्यात फसायची आणि मग आमच्या वस्तीला हाक यायची. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या आधीचे दिवस ते. हाक आली की जावंच लागे. आजोबा आणि इतर माणसं गुडघाभर चिखलात उतरून मोटार ढकलत वर काढायचे. मोटार घरी पोचली की तिच्या मागच्या बाजूवर, जिथं जिथं यांचे हात लागलेले असत तिथं, पाणी शिंपडलं जायचं.

"ढकलाले आमचे हात चालत," वडील सांगायचे, "मंग त्याच हाताच्या ठशाले पानी लागे." ते सांगताना हसायचे. माझी माय कधी हसली नाही.

वडील पुढे फौजेत गेले. थंड डोंगरांतल्या रस्त्यांवर मोठमोठ्या गाड्या चालवून परत आले, तेव्हा गावानं त्यांचं नावच बदललं. लहानथोर सगळेच त्यांना फौजी म्हणू लागले. फौजेतून आणलेली सगळी पुंजी त्यांनी एका पिकअपमध्ये घातली. शेत घ्या म्हणून माय मागे लागली होती. वडील म्हणाले, "शेत एका जागी राह्यते. मले आता एका जागी राहवत नाई."

पिकअप म्हणजे समोरून जीप आणि मागे उघडा लोखंडी हौदा. राखाडी रंग, चाकांवर स्प्रिंगचे कडक पाटे, दारं लावताना आदळावी लागायची. शोभेचं म्हणून तिच्यात काही नव्हतं. समोर काचेशी वडलांनी बुद्धाची एक लहान मूर्ती चिकटवली होती, तेवढीच. पण एक दांडा ओढला की तिची चारही चाकं एकदम जोर करायची आणि चिखलात ती म्हशीसारखी संथ, न थांबता चालत राहायची. त्या गाडीनं कापूस वाहिला, तूर वाहिली, जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलेले यात्रेकरू शिरपूरच्या जैन मंदिरापर्यंत नेले. एकदा तर एक अख्खी भजनी मंडळी मृदंगासकट नेली.

पिकअप गावात आली त्या दिवशी पाटील तिला पाहायला आले. चावडीसमोर गाडी उभी होती. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, हौद्यात डोकावले, काठीनं चाकाला टोचलं.

"फौजी, हे गाडी हाय का बैलबंडी?"

"बंडीच हाय पाटील," वडील म्हणाले. "बैल तेवढे पोटात हायेत."

पाटील हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "बसाले कसं वाटते?"

"बसाले बेकार. जाले चांगली."

या दोन वाक्यांत दोन्ही गाड्यांचा सगळा फरक आला होता, हे मला फार पुढे कळलं.

मला गाडी शिकवायचं वडलांनी का ठरवलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी एकुलती एक होते, हे एक कारण असेल. ज्वारी निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात ते मला चाकामागे बसवायचे आणि स्वतः बाजूला बसून बिडी ओढायचे. क्लच सोडताना गाडीनं झटका दिला की फक्त "हं" म्हणायचे. शिकवणं एवढंच. वर्गात मुलांना शिकवताना मी किती बोलते, हे त्यांच्याकडे पाहून माझ्या लक्षात आलं.

मायला हे पसंत नव्हतं. "काहून शिकवून राह्यले तिले? पोरीसाठी नवरा पाहा का गाडी शिकवा?"

"दोन्ही करू," वडील म्हणाले. "गाडी आधी सापडली."

तिकडे पाटलाची मोटार मात्र हळूहळू घरीच बसू लागली होती. पेट्रोल महागलं होतं आणि ती पेट्रोल पाण्यासारखी प्यायची. तिचा ड्रायव्हर अकोल्याला दुसऱ्या कामावर निघून गेला. पाटलांना स्वतःला चालवता येत असे, पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. मुलगा नागपूरला वकिली करत होता आणि त्याला मोटारीपेक्षा रेल्वे बरी वाटायची. दर काही दिवसांनी पाटील हँडल मारून इंजिन चालू करत, थोडा वेळ आवाज ऐकत आणि पुन्हा बंद करत. शाळेतून येता-जाता मला ते दिसायचं.

पोळा होऊन गेल्यानंतरची गोष्ट. रविवार होता. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती, पण नाला वाहतच होता. मी अंगणात वह्या तपासत होते, तोच पाटील आमच्या वस्तीत शिरताना दिसले. पाटील वस्तीत कधी येत नसत. काम असलं की माणूस पाठवत. आज डोक्याला टोपीही नव्हती.

"फौजी, गाडी काढा," ते अंगणाच्या कडेलाच थांबून म्हणाले. "घरातली पडली. पाय हालत नाई तिचा."

वडील बनियनवर होते, तसेच उठले. मीही गेले.

पाटलीनबाई मागच्या ओसरीवर पडल्या होत्या. विहिरीवरून येताना ओल्या फरशीवर पाय घसरला होता. मांडीचं हाड मोडलं असावं. पाऊल भलतीकडेच वळलेलं होतं. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट दाबलेले. वडलांनी फौजेत असली दुखणी पाहिलेली होती. त्यांनी दोन फळ्या मागून घेतल्या आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून पाय बांधून टाकला. मग चौघांनी मिळून बाईंना गादीसकट उचललं आणि पिकअपच्या हौद्यात कुटाराचा मऊ भुसा पसरून त्यावर ठेवलं.

गाडी सुरू झाली आणि गल्लीतल्या पहिल्याच चाकोरीत बाईंनी अशी किंकाळी फोडली की वडलांनी जागीच ब्रेक दाबला.

"हळू चालवा ना, फौजी!" पाटील ओरडले.

"याच्याहून हळू म्हंजे उभीच, पाटील."

"मले उतरवा," बाई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "मी घरीच पडून राहीन. मरू द्या मले, पन ह्या गाडीत नाई."

वडील खाली उतरले. हौद्याच्या कडेवर हात ठेवून ते थोडा वेळ चाकांकडे पाहत राहिले. "ही वझ्यासाठी बनलेली हाय," ते म्हणाले. "रिकामी असली का उड्या मारते. वाशिमपर्यंत नेलं तर बाईचं हाड मासातून बाहेर येईन. पाटील, तुमची मोटार काढा."

"ते नाल्यातून निंगन का?"

"तिची ती नाई निंगणार. हे वढन तिले."

म्हणजे पिकअप पुढे, मोटार मागे दोरानं बांधलेली. पाटलांच्या लगेच ध्यानात आलं, आणि दुसरी अडचणही ध्यानात आली. पिकअप नाल्यातून काढायची तर वडीलच पाहिजेत. मग ओढल्या जाणाऱ्या मोटारीत चाकामागे कोण बसणार? पाटलांनी डोळे चोळले. त्यांना समोरची भिंत जेमतेम दिसत होती.

"ही बसन," वडील म्हणाले आणि माझ्याकडे हनुवटी वळवली.

तिथं जमलेली पाचसात माणसं एकदम गप्प झाली. मी बाईमाणूस म्हणून ही चुप्पी, की आमच्या घरची म्हणून, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन्ही असेल. हौद्यातून पाटलीनबाईंचा आवाज आला.

"कोनी का चालवेना! पन चला ना आता."

मोटार गोठ्याशेजारच्या टिनाखाली होती. वडलांनी हँडल मारलं. बऱ्याच वेळा नुसतीच खोकली आणि मग एकदम निळा धूर सोडून सुरू झाली. वरच्या लाकडावरची कबुतरं उडाली. बाईंना मागच्या गादीवर आडवं केलं. गादी इतकी रुंद आणि मऊ होती की त्या तिच्यात अर्ध्या बुडाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा श्वास सुटलेला ऐकू आला. पाय धरायला कोणीतरी जवळ पाहिजे होतं. पाटील आत शिरले आणि दोन गाद्यांच्या मधल्या जागेत, खाली, मांडी घालून बसले. बाईंचा बांधलेला पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मी चाकामागे बसले. चाक मोठं आणि बारीक, हस्तिदंतासारख्या रंगाचं. पिकअपचं चाक धरलं की रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळायचा. इथं काहीच कळत नव्हतं. चामड्याचा आणि जुन्या पेट्रोलचा वास येत होता. समोरचं नाक इतकं लांब की ते संपतं कुठं तेच दिसेना. मला भीती वाटली, ती मोटार पाटलाची होती म्हणून नव्हे. हाताला काही न सांगणारी गाडी चालवायची कशी, याची ती भीती होती.

नाल्याशी पोचल्यावर वडलांनी मोटेचा जाड नाडा पिकअपच्या मागच्या कड्याला आणि मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधला. गाठ आवळून झाल्यावर त्यांनी मोटारीच्या नाकावर तळहात सपाट ठेवला. कशाला ठेवला ते त्यांनाच ठाऊक. मग खिडकीशी आले.

"नाडा ढिला पडू द्यायचा नाई. म्या थांबलो का तू थांब. गचका नको. बस."

आम्ही पाण्यात उतरलो. पिकअपची चाकं काळ्या चिखलात फिरली, मग त्यांनी पकड घेतली. नाडा ताणला गेला, कुरकुरला आणि मोटार पुढे सरकली. पाणी पायरीवर चढलं. मधोमध आल्यावर मोटारीचं मागचं अंग डावीकडे वाहत्या अंगाला सरकू लागलं.

"ब्रेक सोड! ब्रेक सोड!" पाटील खालून ओरडले.

"धरलाच नाई पाटील," मी म्हटलं आणि चाक उलट बाजूला वळवत नेलं. तेवढ्यात इंजिन बंद पडलं. पाणी आत गेलं होतं. सगळीकडे एकदम शांत झालं. फक्त पाण्याचा खळखळाट आणि पुढे पिकअपचा तो एकसुरी घोगरा आवाज. ती थांबली नाही. तिनं ती एवढी थोरली काळी मोटार, तिच्यातल्या तीन माणसांसकट, पाण्यातून उचलल्यासारखी वर काढली.

वर आल्यावर वडलांनी पुन्हा हँडल मारून पाहिलं. मोटार काही बोलेना. ते कपाळ पुसत म्हणाले, "राहू दे. असंच जाऊ."

आणि आम्ही तसंच वाशिमपर्यंत गेलो. पुढे गर्जत जाणारी पिकअप, मागे नाड्याला बांधलेली, इंजिन बंद असलेली मोटार. पुढचा आवाज आमच्यापर्यंत वाऱ्यानं तुटून तुटून यायचा. आत मात्र इतकी शांतता होती की पाटलीनबाईंच्या बांगड्या वाजल्या तरी ऐकू येत. खड्डा आला की मोटार वर जायची आणि सावकाश खाली यायची, पाण्यावरच्या होडीसारखी. मी नाड्याकडे पाहत होते. तो किंचित झोल घेऊ लागला की ब्रेकवर पाय टेकवायचा, ताणला की सोडायचा. उतारावर मोटार आपल्याच वजनानं पुढे धावायची आणि पिकअपचा मागचा फाळका एकदम जवळ यायचा. एका उतारावर तो इतका जवळ आला की वडलांनी आरशात पाहून वेग वाढवला आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"काय झालं व?" पाटलीनबाईंनी विचारलं.

"काई नाई बाई. उतार होता."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मले नुसतं छतच दिसून राह्यलं. कोठी आलो आपण?"

"शिरपूर आलं. मंदिराचा कळस दिसते."

"सांग मले. काय काय दिसते ते सांग."

मग मी सांगत गेले. बैलांना पाणी पाजणारा माणूस. एसटीची वाट पाहत बसलेल्या बाया, त्यांच्यातली एक मुसंबी सोलते आहे. कपाशी चांगली आहे, बोंडं धरली आहेत. एका बांधावर कोणी तरी लाल धोतर वाळत टाकलं आहे. वर्गातली पोरं खिडकीबाहेर पाहून उगाच बडबडतात, तसंच ते होतं. पण मी थांबले की बाई म्हणायच्या, "मंग?"

एकदा त्या म्हणाल्या, "मी नवरी म्हणून याच मोटारीत आले. तवा पडदे लावले होते. मंग कितीदा गेले आले, पडदे लावलेलेच. हा रस्ता मी पाह्यलाच नाई कधी."

खाली बसलेल्या पाटलांनी पायावरची पकड जराशी सारखी केली. मग म्हणाले, "काढाचे होते तुनं पडदे."

"तुमी होते ना बाजूले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. दुखत असताना माणूस जे खरं ते बोलतो, तसा होता.

वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाड पाहिलं आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. पुढचा प्रवास दवाखान्याच्या गाडीतून झाला. पाटील बरोबर गेले. जाताना त्यांनी वडलांचा हात धरला, सोडला आणि पुन्हा धरला. वडील म्हणाले, "जा पाटील. मोटारीचं आमी पाहतो." अकोल्याला बाईंचा पाय कितीतरी दिवस वजनं लावून ताणून ठेवला होता. त्या वाचल्या, चालू लागल्या, पण एक पाय थोडा आखूड राहिला आणि काठी कायमची आली.

मोटार वाशिमच्या मिस्त्रीकडून दुरुस्त होऊन आली, ती मीच चालवत आणली. या वेळी इंजिन चालू होतं आणि तेव्हा मला त्या मोटारीची गोडी कळली. पिकअप तुमच्याकडून काम करून घेते. पाय, हात, कंबर, सगळं लागतं. घरी उतरल्यावर आपणच ओझी वाहिल्यासारखं वाटतं. मोटारीला फक्त दाखवायचं, कुठं जायचं ते. तिच्यात बसल्यावर मला पहिल्यांदा समजलं की श्रीमंतांना जग एवढं गुळगुळीत का वाटतं. पण नाल्याशी आले आणि तिथं तिला पुन्हा वडलांच्या पिकअपची वाट पाहत उभं राहावं लागलं.

पाटील परतल्यावर आमच्या घरी आले. अंगणातल्या खाटेवर बसले. मायनं चहा केला. तो तिनं खाटेच्या कडेवर जरा आदळूनच ठेवला. पाटलांनी चहा घेतला. अर्धा झाल्यावर म्हणाले, "साखर चांगली पडली." मायनं मान डोलावली आणि आत गेली. त्या चहानं काही जग बदललं नाही. पाटलांच्या घरी मी बाईंना पाहायला जायची तेव्हा माझ्यासाठी कोनाड्यातला कान तुटलेला कप निघायचा. हे पाटलीनबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण त्या खाटेवरच असत. लक्षात आलं तेव्हा त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला चहा त्या कपात मागायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या बायांचा घोळ होऊ लागला आणि शेवटी सगळे कप एकाच फळीवर आले.

हिवाळ्यात बाई हिंडू-फिरू लागल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला. मोटारीत पुढे, माझ्या बाजूला बसून जायचं होतं. नाल्याचं पाणी आटलं होतं. पाटलांनी पेट्रोलची तक्रार केली नाही. आम्ही दोघी जऊळक्याला गेलो, आगगाडी पाहायला. काच खाली करून बाई सगळा रस्ता पाहत होत्या. पदर उडत होता, त्यांनी तो धरला नाही.

पुढे आम्ही दर थोड्या दिवसांनी जाऊ लागलो. एका रविवारी मोटारीचा टायर बसला होता आणि वडलांची पिकअप मोकळी होती. मी भीत भीतच विचारलं, कारण तिच्या नावानं त्या दिवशी फोडलेली किंकाळी माझ्या कानांत होती. बाई म्हणाल्या, "पाहू बरं." वडलांनी स्टूल ठेवलं, मी वर घेतलं. पाट्यांचे झटके बसत होते, त्या दर वेळी "हाय हाय व माय" म्हणायच्या. पण गावाबाहेर आल्यावर त्या ताठ बसल्या.

"हे उंच हाय," त्या म्हणाल्या. "मोटारीतून कुंपणच दिसते. ह्यातून कुंपणापलीकडलं वावर दिसते."

घरी आल्यावर पाटलांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"हाडं मोडली," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात बी ह्याच गाडीत जाऊ."

पाटील माझ्याकडे पाहून पुटपुटले, "बिघडवली तुनं इले." पण बोलताना मिशीत हसू होतं.

पिकअप आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिली. तिचा हौदा गंजला, तो वडलांनी बदलला. इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. मोटार मात्र त्या मानानं लवकर गेली. तिचे सुटे भाग मिळेनात आणि एका लग्नसराईच्या आधी वाशिमच्या एका मंडपवाल्यानं ती विकत मागितली. नवरदेव मिरवायला. पाटलांनी होकार दिला आणि मोटार पोचवायला मला बोलावलं. ते स्वतः पुढे, माझ्या शेजारी बसले. तोवर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि जाड भिंगांचा चष्मा होता. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, गिअर बदलताना. "असाच टाकायचा," म्हणाले.

मंडपवाल्याच्या दारात मोटार उभी केली, किल्ली दिली. पाटलांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटतं, पाहायचं नाही असं ठरवूनच आले होते. आता परत जायचं तर एसटी. बसस्टँडवर येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं की हा माणूस आयुष्यात कधी एसटीत बसलेला नाही. रांगेत कुठं उभं राहायचं ते त्यांना कळेना. कंडक्टरनं "कोठी?" असं विचारलं तर त्यांनी गावाऐवजी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. कंडक्टर तोंड आ करून पाहत राहिला. मी दोन तिकिटं काढली. बाकावर त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी निघाली, पहिल्या खड्ड्यात आम्ही दोघंही उडालो, आणि पाटलांनी घाईघाईनं समोरची दांडी धरली.

"ह्याचे पाटे गेले काय?" त्यांनी विचारलं.

"नाई पाटील. आपण मागच्या चाकावर बसलो."

"मंग पुढं काहून नाई बसलो?"

"पुढं जागा नव्हती."

त्यांनी पुढच्या बाकांकडे पाहिलं, माणसं मोजल्यासारखं. मग चष्मा नीट केला आणि खिडकीबाहेर पाहत बसले.